चौघांच्या घरात आंघोळीचं पाणी स्वस्तात कसं तापवायचं?

गच्ची स्वतःची असेल तर सोलर लावा. पण पावसाळ्यात तो रुसतो, त्यामुळे दुसरी सोय लागतेच. आणि उंच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत असाल तर नळाला गरम पाणी येईपर्यंत दोन बादल्या गार पाणी वाहून जातं, तेही हिशेबात धरा.

आता गॅस की वीज? २० लिटरची बादली २० अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट लागतो. १४.२ किलोच्या सिलिंडरवर गॅस गिझर ढोबळमानाने १४० युनिटांइतकी उष्णता पाण्यात उतरवतो. शेगडीवर पातेलं ठेवलंत तर बरीच बाजूने वाया जाते. तेव्हा वीजबिलातला तुमचा शेवटच्या टप्प्याचा दर (पहिल्या १०० युनिटांचा नव्हे!) १४० ने गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून बघा. महिन्याला ३०० युनिटांच्या वर जाणाऱ्या घरात बहुतेक वेळा गॅस जिंकतो. मात्र गॅस गिझर बंद बाथरूममध्ये अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसं दगावतात. बाहेर, ड्राय बाल्कनीत बसवा.

विजेचाच गिझर असेल तर थर्मोस्टॅट ५० अंशांवर आणा. १५ लिटर, २ किलोवॅटच्या गिझरला तेवढं तापायला पंधरा मिनिटं पुरतात. तासभर आधी चालू करून ठेवायची गरज नाही. चौघांनी लागोपाठ आंघोळी उरकाव्यात, शॉवरऐवजी बादली घ्यावी. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर कॉइलवर पांढरा थर चढतो आणि ती लवकर जळते. वर्षातून एकदा खरवडून घ्या.