मेझुझा म्हणजे ताईत नव्हे
ज्यू परंपरेतील संरक्षक चिन्हांचा अभ्यास तुम्ही नुकताच सुरू केला आहे, तेव्हा हम्सा, म्हणजे पंजाच्या चिन्हापासून नव्हे, तर दाराच्या चौकटीवर डबीत घालून लावलेल्या चर्मपत्रापासून, म्हणजे मेझुझापासून आरंभ करावा, असे मी सुचवेन. हम्सा उत्तर आफ्रिकेतील मुस्लिमांच्याही घरी दिसतो. मेझुझा मात्र तोरातील, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातील आज्ञेतून आलेला आहे. बाहेरची डबी कितीही देखणी असो, महत्त्व आतल्या चर्मपत्राला असते. त्यावर प्रशिक्षित लेखनिक, म्हणजे सोफेर, तोराच्या 'अनुवाद' (Deuteronomy) या पुस्तकातील दोन उतारे हाताने 22 ओळींत लिहितो आणि मागील बाजूस 'शद्दाय' हे देवाचे नाव असते. (छापील कागद घातलेल्या डब्याही सर्रास विकल्या जातात, मी पहिली तशीच घेऊन फसलो होतो.) एखादे अक्षर तुटले तरी मेझुझा बाद ठरतो, म्हणून घरचा मेझुझा सात वर्षांत दोनदा तपासतात.

बाराव्या शतकातील ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस यांनी मेझुझात देवदूतांची नावे लिहिणाऱ्यांना खडसावले, कारण त्यांनी आज्ञेचा ताईत करून टाकला होता. यावरून ताईतच निषिद्ध होते, असा निष्कर्ष मात्र घाईने काढू नका. तीनदा गुण आलेल्या 'कमेआ'ला, म्हणजे ताईताला, तल्मूद हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ विश्वासार्ह मानतो आणि तो शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशीही अंगावर बाळगू देतो.

रायगडकडील एखाद्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू घरी जाण्याचा योग आला, तर आत शिरताना उजव्या हाताची चौकट पाहा. मेझुझा तिच्या वरच्या एक तृतीयांश भागात असतो.