भजी तोंडात जाण्याआधीचे वाक्य

प्रश्न : मी फोंड्यात राहते आणि पणजीला नोकरी करते. श्रावण महिनाभर मी मासळीला हात लावत नाही आणि त्याचा मला त्रासही होत नाही. पण संध्याकाळी कदंब बसस्थानकावर उतरले की भाजीपाव आणि मिरचीची भजी घेतल्याशिवाय पाय घराकडे वळत नाहीत, आणि रात्री सगळे झोपल्यावर हात फरसाणाच्या डब्याकडे जातोच. रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, असे डॉक्टर सांगतात. माझ्यात निग्रह नाही म्हणावे, तर श्रावण कसा पाळला जातो?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : निग्रहाचा मुद्दा आपण स्वतःच निकालात काढला आहे. श्रावणाचा निर्णय एकदाच होतो, घरात मासळी शिजत नाही, शेजारीही आग्रह करत नाहीत, त्यामुळे मनात रोज वाद घालावा लागत नाही. बसस्थानकावर मात्र दर संध्याकाळी नवा खटला उभा राहतो आणि त्यात भज्यांचे वकीलपत्र आपल्याच मनाने घेतलेले असते.

ते मन काय युक्तिवाद करते, हे बहुधा आपण नीट ऐकलेले नसते. फिलाडेल्फियातील मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांना 1960च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांमध्ये असे आढळले, की प्रसंग आणि त्यावरची प्रतिक्रिया यांच्यामध्ये एक छोटेसे वाक्य झरकन मनातून जाते आणि माणूस ते न तपासताच खरे मानतो. त्यावर उभी राहिलेली उपचारपद्धती पुढे खाण्याच्या सवयींसाठीही वापरली जाऊ लागली.

म्हणून पहिले दोन आठवडे काहीही वर्ज्य करू नका. पर्समध्ये लहान वही ठेवा आणि खाण्यापूर्वी वेळ, भूक किती आहे आणि मनात आलेले वाक्य, एवढेच लिहा. ते कोकणीत आले तर कोकणीतच लिहावे. सुधारून लिहिलेले वाक्य निरुपयोगी असते.

‘दिवसभर राबले, एवढे तर मला हवेच’ हे वाक्य बहुधा सापडेल. त्यातला थकवा खरा आहे आणि विसाव्याचा हक्कही खरा आहे. तो विसावा भज्यांतूनच मिळतो का, एवढेच तपासायचे आहे. मात्र दुपारचे शीतकडीचे जेवण एक वाजता झाले असेल आणि फोंड्याला पोहोचेपर्यंत साडेसहा वाजत असतील, तर वहीत विचाराऐवजी सरळ भूकच सापडेल. अशा वेळी मनाची उलटतपासणी घेण्यापेक्षा चार वाजता मूठभर उकडलेले चणे किंवा एखादे फळ खाणे अधिक शहाणपणाचे.

माझ्या मते सर्वांत नुकसान करणारे वाक्य वेगळेच आहे : ‘एक भजे खाल्लेच आहे, आजचा दिवस गेला, आता उद्यापासून बघू.’ हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि नंतर चव पाहण्याच्या निमित्ताने हवे तेवढे आइस्क्रीम खाऊ दिले. एरवी खाण्यावर कडक बंधन घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी न खाता उलट जास्त खाल्ले, कारण नियम एकदा मोडल्यावर तो सांभाळण्यात त्यांना अर्थ उरला नसावा. या वाक्यासमोर वहीत लिहून ठेवावे : ‘एक भजे म्हणजे एकच भजे, दुसऱ्याचा निर्णय अजून व्हायचा आहे.’ हे वाचायला बाळबोध वाटेल, पण ऐन वेळी मनाला मोठे तत्त्वज्ञान पेलत नाही. चवथीच्या नेवऱ्यांनाही, म्हणजे गणेशचतुर्थीच्या करंज्यांनाही, हेच लागू आहे. त्या निषिद्ध ठरवून मध्यरात्री उभ्याउभ्या खाण्यापेक्षा सर्वांसोबत पाटावर बसून एक चवीने खावी.

फरसाणाच्या डब्याबाबत मात्र मी विचारांच्या फार मागे लागणार नाही. तो विकत आणणेच थांबवावे. साखरेची तपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला या वहीसोबतच चालू राहिला पाहिजे. रात्रीचे खाणे हाताबाहेर जात असेल, थोड्याच वेळात खूप खाल्ले जाऊन नंतर तीव्र अपराधी वाटत असेल, किंवा त्याची भरपाई म्हणून उलटी काढणे वा कडक उपवास करणे सुरू झाले असेल, तर वहीवर विसंबू नका. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत जाऊन दाखवा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फोन करा, आणि जाताना ती वही सोबत न्या.