जुनी पेट्रोल गाडी हेडलाइट आणि एसी लावला की सिग्नलला बंद पडते. प्लग, फिल्टर, पंप बदलूनही फरक नाही. दोष कुठे असेल?

पंप बदलायच्या आधी बॅटरीचा मायनस आणि इंजिन यांच्यामध्ये मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) लावून पाहिला होता का, एवढं गॅरेजवाल्याला विचारा. बहुतेक नसेलच पाहिला.

तुम्ही लिहिलंय की गाडी २००३ ची आहे, सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, हायवेला नीट पळते, आणि दिवे-एसी चालू असताना सिग्नलला थांबलं की आचके देऊन बंद पडते. एसीचं एकवेळ समजू शकतो, कॉम्प्रेसरचा भार थेट इंजिनावर येतो. पण नुसत्या दिव्यांनीही स्लो (अ‍ॅक्सिलेटर न दाबता इंजिन चालतं तो वेग) हलतो म्हणता, तर त्यात फिल्टरचा काय संबंध? दिवे चालू आहेत की बंद, हे फिल्टरला कळतच नाही.

मी मेकॅनिक नाही. जे काही शिकलो ते मामांच्या गाडीपायी. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्यांची गाडी चिपळूणला सीटपर्यंत पाण्यात होती. धुऊन, सुकवून, ऑइल बदलून ती सुरू झाली आणि दीड वर्ष सुरळीत चालली. मग तुमच्यासारखंच सुरू झालं, वर काळा धूर आणि अ‍ॅव्हरेज पडलेलं. प्लग, कॉईल, पंप, थ्रॉटलची सफाई सगळं झालं. शेवटी एकाने ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) गेलाय म्हणून सांगितलं.

त्याच वर्षात मामांनी क्लच वायर दोनदा बदलली होती. दोन्ही वेळा ती आतून जड झाली. याचा इंजिनाशी संबंध असेल असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. एकदा बॉनेट उघडून उभा असताना मामा लागोपाठ सेल्फ मारत होते आणि माझा हात सहज अ‍ॅक्सिलेटर वायरवर गेला. वायर गरम! तिथे गरम व्हायला काहीच कारण नाही.

त्या गाडीत बॅटरीचा मायनस बॉडीला आहे, आणि बॉडीपासून इंजिनाला तांब्याची विणलेली अर्थ पट्टी (अर्थिंगची, करंट परत नेणारी) गिअरबॉक्सखाली. पट्टीला हिरवा कळंक चढून चार-पाच तारा उरल्या होत्या. छोट्या गाडीचा स्टार्टरसुद्धा शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. हा करंट बॅटरीकडे परत जायला पट्टी पुरेना, म्हणून क्लच आणि अ‍ॅक्सिलेटरच्या वायरींमधून वाट काढत होता. तापून तापून क्लच वायर जड व्हायची.

मग धूर कशाचा? ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोल कमी की जास्त ते ईसीयूला सांगणारा) एका वायरचा होता, त्याचं अर्थ सायलेन्सरमधून इंजिनाला, आणि ईसीयूचं अर्थ बॉडीला. सेन्सरचा सिग्नल साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट, ०.४५ च्या खाली गेला की ईसीयू समजतो पेट्रोल कमी पडतंय. दिवे, पंखा लावला की अल्टरनेटरचा (इंजिनावर बसवलेला, वीज तयार करणारा) करंट त्याच कुजक्या पट्टीतून परत जाणार, म्हणजे इंजिन बॉडीपेक्षा ०.३-०.४ व्होल्ट खाली. तेवढाच सेन्सरचा आकडाही खाली दिसतो. ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवत राहतो, प्लग काळे पडतात, स्लोवर गाडी गुदमरते.

वायर जोडलेली आहे का हे सांगणाऱ्या मीटरच्या बीपवर मात्र विश्वास ठेवू नका. केबलची एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. पट्टीतून करंट वाहत असतानाच मोजायचं. इंजिन चालू, हेडलाइट, पंखा, मागची काच गरम करायची सोय असेल तर तीही चालू. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच), दुसरं इंजिनाच्या स्वच्छ बोल्टवर. ०.२ च्या वर आकडा आला तर अर्थ खराब समजा. सेल्फ मारताना ०.५ च्या वर गेला तर शंकाच नको. तसंच प्लस बाजूला, बॅटरीच्या प्लसपासून अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टपर्यंत; तिथे टोक चुकून बॉडीला टेकवू नका, ठिणगी उडेल.

मीटर नसेल तर शेजाऱ्याची जंपर केबल आणा. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला. इंजिनाच्या फिरत्या बेल्टपासून, पंख्यापासून लांब. दिवे-एसी लावून पाहा. आचके थांबले तर दोष सापडला.

हे करून काहीच बदललं नाही तर इतर दोन-तीन गोष्टी. गरम झाल्यावरच बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप सुरू होत असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरतंय ते ईसीयूला सांगणारा) किंवा रिलेचा (विजेचा स्विच) सुटलेला सोल्डर. फक्त पावसात मिसिंग असेल तर प्लगच्या वायरी. अंधारात बॉनेट उघडून पाहा, ठिणग्या दिसतात. आणि नंतर सीएनजी किट बसवलं असेल तर त्या वायरमनने इंजेक्टरच्या वायरी कापून नुसत्या टेपने गुंडाळलेल्या जोडांपासूनच सुरुवात करा. किती गाड्यांत ते जोड ओढले की हातात येतात!

मामांच्या गाडीला नवी पट्टी टाकली, दोन्ही टोकांची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, बोल्ट कसल्यावर वरून व्हॅसलिन. बॅटरी सोडून परत लावली की ईसीयू शिकलेलं विसरतो, त्यामुळे पहिले काही किलोमीटर स्लो थोडा वेडावाकडा राहील. तेवढ्यावर पुन्हा गॅरेजला पळू नका. मीटरचे आकडे आले की इथे टाका, बघू पुढे.