नवजात बाळाला दुपट्यात किती घट्ट गुंडाळावं?

तुमचं बाळ वीस दिवसांचं आहे आणि सासूबाई म्हणतात, पाय सरळ करून आवळून बांधलं नाही तर ते वाकडे राहतील. तसं होत नाही. पोटात नऊ महिने दुमडून राहिल्यामुळे तान्ह्या बाळाचे पाय वाकलेलेच असतात आणि वाढत्या वयात आपोआप सरळ होतात. उलट जबरदस्तीने सरळ करून बांधले तर खुब्याचा सांधा निखळण्याचा धोका असतो. म्हणून कमरेखाली दुपटं सैल हवं. बाळाला गुडघे वर घेऊन बेडकासारखे फाकवता आले पाहिजेत.

छातीपाशी तुमची दोन बोटं सहज आत जातील इतपतच घट्ट ठेवा. कापड मऊ सुती किंवा मलमलचं, आईच्या जुन्या साडीचं तर उत्तमच. दुपट्याची कड खांद्याच्या वर, तोंडाजवळ येऊ देऊ नका.

गुंडाळलेलं बाळ नेहमी पाठीवरच झोपवा, कुशीवर किंवा पालथं कधीही नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक पातळ थर पुरे. घरात झोपताना टोपडं नको. मानेमागे हात लावून बघा, घामट लागलं तर लगेच मोकळं करा.

आणि बाळ कुशीवर वळायची धडपड करू लागलं की गुंडाळणं त्याच दिवशी बंद. काही बाळं दोन महिन्यांतच वळू पाहतात.