इव्हॅपोट्रान्स्पिरेशनला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे की जमिनीवरून होणारं इव्हॅपोट्रान्स्पिरेशन, म्हणजे माती आणि झाडं मिळून हवेत उडून जाणारं पाणी, दरवर्षी कमीजास्त होतं, त्याला "बाष्पीभवनातला वार्षिक बदल" म्हटलं तर चालेल का. माझ्या मते नाही, दोन्ही शब्द घोटाळा करतात.

नुसतं बाष्पीभवन म्हटलं की तळ्यातलं, ओल्या मातीतलं पाणी डोळ्यासमोर येतं, झाड सुटूनच जातं. पेरूच्या फांदीला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून उन्हात तासदोन तास ठेवा, आतून थेंब धरतात ना, ते पानांनी सोडलेलं पाणी. ते आणि मातीतलं मिळून जे उडतं त्याला शेतीच्या पुस्तकांत बाष्पपर्णोत्सर्जन म्हणतात. उच्चारायला जड आहे खरा, पण बाष्प, पर्ण, उत्सर्जन, तिन्ही गोष्टी त्यात आहेत म्हणून मला तोच आवडतो. वाफसा हा आपला सुंदर शब्द आहे पण ती मातीची अवस्था झाली, उडालेल्या पाण्याचं माप नाही.

आता "वार्षिक बदल". यातून वर्षभरातला उन्हाळा-पावसाळ्याचा फरक असाही अर्थ निघतो. "वर्षागणिक" म्हटलं की सतत वाढतंय किंवा घटतंय असं वाटतं. इथे एक वर्ष जास्त, पुढचं कमी असं चालतं, म्हणून "सालोसालचे चढउतार" म्हणावं.

आणि हे चढउतार "मोजले" असं लिहिण्यापेक्षा "हिशोबाने काढले" बरं, कारण अख्ख्या खोऱ्यातून उडालेलं पाणी थेट मोजता येत नाही, पावसातून नदीने वाहून नेलेलं वजा करायचं आणि जमिनीत साठलेलंही वजा करायचं. समजा एका वर्षी पाऊस ९०० मिमी, वाहून गेला ३००, जमिनीत ५० मुरला, म्हणजे उडाला ५५०. पुढच्या वर्षी पाऊस ७००, वाहिला २००, आणि जमिनीतला साठा ५० ने घटला, म्हणजे परत ५५०च! साठा धरला नाही तर ६०० आणि ५०० येतात, आणि नसलेली १०० मिमीची घट दिसते. लांब पल्ल्याच्या सरासरीत हा साठा जवळपास शून्य धरून चालतं, सालोसालच्या हिशोबात नाही. २००२ मध्ये सोडलेले ग्रेस नावाच्या मोहिमेचे जुळे उपग्रह याच कामी आले, एकमेकांपासून साधारण २२० किमीवर राहून ते गुरुत्वाकर्षणातला फरक टिपायचे आणि त्यावरून जमिनीतलं पाणी वाढलं की घटलं ते कळायचं.

तेव्हा मी तरी "बाष्पपर्णोत्सर्जनातले सालोसालचे चढउतार" असंच लिहीन.