गोचिडी गेल्या, तरी ताप का?

प्रश्न : आमच्या चार वर्षांच्या लॅब्रॅडोरला काही आठवड्यांपूर्वी बऱ्याच गोचिडी झाल्या होत्या. त्या आम्ही वेचून काढल्या. आता एकही दिसत नाही. मात्र दोन दिवसांपासून तो खाण्याला तोंड लावत नाही, अंग गरम लागते आणि तो एका जागी पडून राहतो. पॅरासिटामॉलची गोळी द्यावी का?

उत्तर : पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने कृपया देऊ नका. माणसाला चालणाऱ्या या गोळ्यांनी कुत्र्याच्या यकृताला, मूत्रपिंडांना किंवा जठराला गंभीर इजा होऊ शकते.

तुमच्या वर्णनावरून मला पहिली शंका येते ती गोचीड तापाची. गोचीड रक्त पिते तेव्हा तिच्या लाळेतून एर्लिकिया हे जिवाणू किंवा बबेसिया हे परजीवी कुत्र्याच्या रक्तात शिरतात आणि लक्षणे बहुधा एक ते तीन आठवड्यांनी दिसू लागतात. त्यामुळे गोचिडी वेचून झाल्या म्हणजे धोका टळला, असे समजता येत नाही.

त्याचा ओठ वर उचलून उजेडात हिरड्या पाहा. त्या फिकट किंवा पिवळसर असतील, हिरड्यांवर वा पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके असतील, नाकातून रक्त येत असेल किंवा लघवी गडद तपकिरी होत असेल, तर क्षणभरही थांबू नका. यांपैकी काहीच नसले, तरी आजच पशुवैद्यांकडे नेऊन रक्त तपासून घ्या, कारण प्लेटलेट बऱ्याच घटल्या तरी बाहेरून काही कळत नाही. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारणतः चार आठवडे देतात, बबेसियावरचे उपचार वेगळे असतात. म्हणून निदान आधी हवे. दोन-तीन दिवसांत कुत्रा खाऊ लागला की गोळ्या बंद करणारे पालक पाहिले की मला फार वाईट वाटते. दबलेला संसर्ग पुढे अस्थिमज्जेपर्यंत पोहोचला, तर कुत्र्याला वाचवणे अवघड होते.

घराकडेही लक्ष द्या. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली गळून पडते आणि भिंतीच्या फटींत हजारो अंडी घालते. फटी, अंथरूण, पायपुसणी साफ करा आणि गोचीड प्रतिबंधक औषध ठरलेल्या तारखेला देत राहा. घरात मांजर असेल, तर पर्मेथ्रिन असलेले औषध आणू नका. मांजरासाठी ते जीवघेणे ठरते.

प्रश्न : कुत्र्याचे नाक कोरडे असले म्हणजे ताप असतो का?

उत्तर : नाही. झोपून उठल्यावर निरोगी कुत्र्याचेही नाक कोरडे असते. हाताला अंग कोमट लागणेही स्वाभाविक आहे, कारण त्याचे नेहमीचे तापमानच सुमारे 101 ते 102.5 अंश फॅरेनहाइट असते. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून तापमान घ्या. ते 103 च्या वर गेले, तर पशुवैद्यांना कळवा.