वाकलं की मांडीची मागची शीर ओढते

प्रश्न : ताई, मी 43 वर्षांची, अकाउंट्सचं काम त्यामुळे दिवसभर खुर्चीत, व्यायाम शून्य. वाकून रांगोळी काढायला गेलं की गुडघ्यामागून थेट वरपर्यंत मांडी ओढली जाते. मैत्रीण म्हणाली रोज उभ्याने पायाचे अंगठे धर, आठ दिवस केलं तर कंबरच धरली. काय करू?

उत्तर : आधी ते अंगठे धरणं बंद करा बरं. ती शीर नाही, हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचे तीन स्नायू. बसतो त्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जातात, आणि तुमचा गुडघा दिवसभर वाकलेला, म्हणजे ते आखडलेल्या अवस्थेतच राहतात. मग वाकताना ते माकडहाडाकडचा भाग पुढे झुकू देत नाहीत, आणि सगळी कसर कंबर भरून काढते. म्हणून कंबर धरली!

तुम्ही झोपून करा. पाठीवर झोपायचं, ओढणी तळव्याच्या मधोमध अडकवून एक पाय वर घ्यायचा, दुसरा जमिनीवर सरळ (कंबर कुरकुरली तर तो गुडघ्यात वाकवा). वरचा गुडघा थोडा वाकला तरी चालेल. मांडीच्या मध्यावर ताण आला की थांबा, झटके नकोत, श्वास चालू, 30 सेकंद. मग टाच 5-6 सेकंद ओढणीवर हलकी दाबा, सैल सोडा, पाय आपोआप अजून थोडा येतो. प्रत्येक पायाला दोन-तीनदा, आठवड्यातून पाच दिवस, आणि उठल्या उठल्या नको, घरात जरा चालणं-फिरणं झाल्यावर.

30 च का? 1994 साली अमेरिकेत बँडी आणि आयरियन या संशोधकांनी सहा आठवडे लोकांकडून करवून बघितलं, 15 सेकंदांपेक्षा 30 बरे पण 60 ने जास्त काही मिळालं नाही. त्यातली मंडळी तुमच्याहून तरुण होती हे खरं, आणि पासष्टीपुढच्यांना 60 सेकंद जास्त उपयोगी पडलेत, तेव्हा घरी सासूबाई करणार असतील तर त्यांना मिनिटभर. सुरुवातीला पाय वर जातो तो स्नायू लांबला म्हणून नाही हं, ताण सोसायची सवय होते म्हणून, त्यामुळे दहा दिवसांत सोडलंत तर जैसे थे.

पण चवडा स्वतःकडे ओढल्यावर पोटरीतून पावलापर्यंत मुंग्या किंवा करंट गेल्यासारखं झालं, तर ते नसेचं असू शकतं, मग ओढाओढ न करता फिजिओला दाखवा. आणि तोवर रांगोळी पाटावर बसून काढा, कोण बघतंय!